संत दानिएल कोंबोनी : आफ्रिकेच्या सेवेंत वेंचलेलें आयुष्य

उत्तर इटलींत आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं गार्डा नांवाचें एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या पश्चिम तीरावर, डोंगराचा उभा कडा आणि सरोवराचें पाणी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींत, लिमोने हें खेडें वसलेलें आहे. तेथील लोक पूर्वीं उतारावर उंच दगडी खांब उभारून लिंबांच्या बागा राखीत, आणि हिंवाळा आला कीं त्या खांबांवर फळ्यांचें छप्पर घालून झाडांना थंडीपासून जपत. दुसऱ्याच्या मालकीच्या अशाच एका बागेंत माळीकाम करणारे लुईजी कोंबोनी व त्यांची पत्नी दोमेनिका यांच्या पोटीं ता. १५ मार्च १८३१ रोजीं दानिएल जन्मास आला. तो प्रांत त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या अंमलाखालीं होता. या दांपत्याला एकंदर आठ मुलें झालीं. परंतु त्यांपैकीं सात, कोणी पाळण्यांत तर कोणी पुढें, आईबापांच्या डोळ्यांदेखत देवाघरीं गेलीं. उरला तो एकटा दानिएल. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; तिच्यावांचून पुढील कथेचें मोल कळावयाचें नाहीं.

घरची गरिबी, पण मुलगा तल्लख. बाराव्या वर्षीं त्याला व्हेरोना शहरीं फादर निकोला माझ्झा यांच्या विद्यालयांत पाठविण्यांत आलें. हे फादर माझ्झा मोठे विलक्षण गृहस्थ होते. गरिबाच्या घरीं जन्मलेली बुद्धि पैशाअभावीं वायां जाऊं नये, एवढ्यासाठीं त्यांनीं तें विद्यालय चालविलें होतें. आफ्रिकेंत मिशनरी पाठवावे आणि गुलामगिरींतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना आपल्या छायेखालीं शिकवावें, हाही एक ध्यास त्यांना लागला होता. १८४९ सालीं याच विद्यालयांत वाढलेले फादर आंजेलो व्हिंको सुदानांतून परत आले, आणि नाईल नदीच्या वरच्या अंगास राहणाऱ्या लोकांची हकीकत त्यांनीं विद्यार्थ्यांना सांगितली. सतरा वर्षांच्या दानिएलनें ती ऐकली आणि आपलें आयुष्य त्या लोकांस वाहण्याचा निश्चय केला. अशा वयांत केलेले निश्चय बहुधा वयाबरोबरच सरतात. याचा सरला नाहीं. ता. ३१ डिसेंबर १८५४ रोजीं त्रेंत येथें त्याला गुरुदीक्षा मिळाली. पुढल्याच वर्षीं व्हेरोनाजवळील बुत्तापिएत्रा गांवीं पटकीची सांथ आली, तेव्हां हा नवा धर्मगुरु रोग्यांच्या शुश्रूषेस तेथें जाऊन राहिला.

१८५७ सालीं फादर माझ्झा यांनीं मध्य आफ्रिकेला जाण्यासाठीं एक तुकडी सिद्ध केली. फादर कोंबोनी यांचें नांव तींत असणार हें उघड होतें. परंतु ऐन वेळीं त्यांचें मन द्विधा झालें. सात मुलें गमावलेल्या मातापित्यांना एकच मुलगा उरलेला. आणि ज्या देशीं जावयाचें तेथून फार थोडे परत येत. धर्मसेवेसाठीं घर सोडणाऱ्यांचीं चरित्रें लिहितांना लेखक बहुधा या प्रसंगावरून घाईनें पुढें सरकतात, जणूं संतांना आईबाप नसतातच. कोंबोनींना होते. मातापित्यांचें एकाकी वार्धक्य डोळ्यांपुढें येऊन त्यांना कांहीं सुचेनासें झालें होतें. अखेर त्यांनीं आध्यात्मिक साधनेंत कांहीं दिवस घालविले आणि व्हेरोनाचे वृद्ध धर्मगुरु फादर मारानी यांच्यापुढें आपलें मन उघडें केलें. त्यांनीं सर्व ऐकून घेऊन जाण्याचाच सल्ला दिला. लुईजी व दोमेनिका यांनींही आपल्या एकुलत्या एक मुलाला आशीर्वाद देऊन निरोप दिला.

सप्टेंबर १८५७ मध्यें सहा जण निघाले : बेल्त्रामे, मेलोत्तो, ओलिबोनी, दाल बोस्को व कोंबोनी हे पांच धर्मगुरु आणि इसिदोरो झिल्ली नांवाचे एक गृहस्थाश्रमी स्वयंसेवक. वाटेंत फादर कोंबोनी यांनीं यरुशलेमचें दर्शन घेतलें. मग नाईलमधून होडीनें वर, त्यानंतर कोरोस्कोपासून नुबियाच्या वाळवंटांतून उंटावर, आणि पुनः नदीनें, असा प्रवास करीत ते १८५८ च्या जानेवारींत खार्टूमला पोंचले. तेथून मिशनच्या मालकीच्या एका जहाजांतून, ज्याला पवित्र मरियेच्या बिरुदावरून प्रभाततारा असें नांव दिलें होतें, ते शुभ्र नाईलनें दक्षिणेकडे गेले. ता. १४ फेब्रुवारी रोजीं ते डिंका लोकांच्या मुलखांतील पवित्र क्रूस या ठाण्यावर उतरले.

ठाणें म्हणजे काय, तर नदीकांठच्या दलदलींत गवतानें शाकारलेल्या चार झोंपड्या. डिंका हे उंच, सडपातळ बांध्याचे, गुरें राखणारे लोक. गाईबैलांवर त्यांचें इतकें प्रेम कीं त्यांचीं गाणीं, लग्नांतील देणें-घेणें आणि माणसाची प्रतिष्ठा हें सर्व गोधनाभोंवतीं फिरतें. आपल्याकडील शेतकऱ्याला तें समजण्यास कठीण पडणार नाहीं. त्यांच्या भाषेंत एकही पुस्तक नव्हतें. हे शिकलेले युरोपियन धर्मगुरु वस्तूकडे बोट दाखवून तिचें नांव विचारीत आणि मिळेल तो शब्द टिपून ठेवीत. अशा रीतीनें त्यांनीं कोश, व्याकरण आणि धर्मशिक्षणाचीं प्रश्नोत्तरें तयार केलीं. या कामीं झेनाब नांवाच्या एका डिंका मुलीचें त्यांना फार साहाय्य झालें. पुढें कातेरिना या नांवानें तीच मिशनच्या शाळांतून शिकवूं लागली. शिकविण्यास आलेल्यांना आधीं तेथल्या एका लहान मुलीचें शिष्यत्व पत्करावें लागलें, ही गोष्ट फादर कोंबोनी विसरले नसावेत असें त्यांच्या पुढील कार्यावरून वाटतें.

आणि मग ताप आला. दलदलीच्या कुजट हवेनें तो येतो अशी त्या काळची समजूत होती. इटालियन भाषेंत दूषित हवेला जो शब्द आहे तोच या तापाचें नांव होऊन बसला आहे. डास हें त्याचें वाहन आहे असें दाखविणारा शोध रोनाल्ड रॉस यांनीं आपल्या देशांत, सिकंदराबाद येथें, १८९७ सालीं लावला. म्हणजे या मंडळींना तो चाळीस वर्षें उशिरां लागला. पवित्र क्रूस येथें उतरल्यावर बरोबर चाळिसाव्या दिवशीं, ता. २६ मार्च १८५८ रोजीं, फादर फ्रांचेस्को ओलिबोनी मरण पावले. मृत्युशय्येवरून त्यांनीं सोबत्यांना एकच विनंती केली : आपल्यापैकीं कितीही जण पडोत, आणि मागें एकच माणूस उरो, तरी त्यानें हें काम टाकूं नये. ती विनंती त्या झोंपडींत ज्यांनीं ऐकली ते स्वतः तापानें फणफणत होते. फादर कोंबोनी यांनीं तेथें जें वचन मनांतल्या मनांत दिलें तें त्यांना तेवीस वर्षें पुरलें.

त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत लिमोने येथें दोमेनिकाबाई निवर्तल्या. बातमी नाईलच्या कांठीं पोंचावयास नोव्हेंबर उजाडला. चार महिने हा पुत्र मृत आईसाठीं जिवंत म्हणून प्रार्थना करीत होता. १८५९ च्या आरंभीं प्रकृति अगदींच ढासळल्यामुळें त्यांना ठाणें सोडावें लागलें. फादर मेलोत्तो खार्टूमला वारले. आणि वर्षअखेर फादर कोंबोनी अस्थिपंजर होऊन व्हेरोनाला परतले.

येथून पुढचीं पांच वर्षें बाह्यतः फारशीं घटनापूर्ण नाहींत, पण माझ्या मतें त्यांच्या चरित्राचा गाभा तींच होत. मध्य आफ्रिकेचा धर्मप्रांत पोप सोळावे ग्रेगरी यांनीं १८४६ सालीं स्थापिला होता. त्याचे आद्य प्रवर्तक, पोलिश येशूसंघीय फादर रिल्लो, खार्टूमला पोंचून थोड्याच महिन्यांत वारले. त्यांच्यामागून गेलेल्यांचीही गत तशीच झाली. नंतर फ्रान्सिस्कन संघाची मोठी तुकडी गेली. तिच्यांतलेही पुष्कळ त्या वाळवंटांत पुरले गेले. एकामागून एक ठाणीं ओस पडलीं आणि धर्मप्रांत जवळजवळ मिटण्याच्या मार्गास लागला. आतां प्रश्न असा उभा राहिला कीं, तरुण माणसांना मरणासाठीं पाठवीत राहणें ही श्रद्धा कीं अविचार? हा प्रश्न रोममध्यें विचारला जात होता, व्हेरोनांत विचारला जात होता, आणि ज्यांनीं स्वतःच्या हातांनीं सोबत्यांवर माती लोटली त्यांनाही तो चुकला नव्हता.

दुसरा मार्गही आजमावून झाला होता. फादर ओलिव्हिएरी नांवाचे एक जेनोव्हाचे धर्मगुरु गुलामांच्या बाजारांतून मुलींना द्रव्य देऊन सोडवीत व युरोपांतील मठांत ठेवीत. फादर कोंबोनी हे स्वतःही १८६१ च्या सुमारास एडनला जाऊन, इंग्रजांनीं गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं कांहीं मुलें माझ्झा-विद्यालयासाठीं घेऊन आले. त्या काळीं एडनचा कारभार मुंबई सरकारच्या हातीं होता. परंतु या कोंवळ्या जिवांना उत्तरेकडील हिंवाळा सोसेना. छातीच्या विकारानें तीं खंगूं लागलीं. जीं जगलीं तीं बहुतेक आपली भाषा व रीत विसरून परकीं झालीं. हेतु पवित्र होता यांत शंका नाहीं; पण गोरा तेथें जगत नाहीं आणि काळा येथें जगत नाहीं, असा हा दुहेरी पेंच होता.

त्याचें उत्तर त्यांना ता. १५ सप्टेंबर १८६४ रोजीं रोममध्यें सुचलें. मार्गारेट मेरी अलाकोक यांना धन्यवादित पद देण्याचा सोहळा तीन दिवसांवर आला होता, आणि फादर कोंबोनी संत पेत्राच्या थडग्यापाशीं प्रार्थना करीत होते. तेथून उठून त्यांनीं जी योजना लिहून काढली तिचा सारांश असा : आफ्रिकेचा उद्धार आफ्रिकेच्याच लेंकरांच्या हातून व्हावा. खंडाच्या कडेकडेनें, जेथें युरोपियनाला राहवतें आणि आफ्रिकनालाही मानवतें अशा ठिकाणीं, शिक्षणसंस्था काढाव्या. तेथें आफ्रिकन मुलांना आणि मुलींना, दोघांनाही, शिक्षक, धर्मशिक्षक, शेतकरी, सुतार, लोहार, रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, आणि ज्यांना पाचारण होईल त्यांना धर्मगुरु व धर्मभगिनी म्हणून तयार करावें. मग त्यांनींच अंतर्भागांत जाऊन वस्त्या कराव्या. परदेशीं मिशनऱ्यानें त्यांच्या पाठीशीं उभें राहावें आणि कालांतरानें बाजूला व्हावें. पुढेंमागें मोक्याच्या जागीं विद्यापीठेंही निघावींत अशी त्यांची कल्पना होती. सर्व संघांनीं व राष्ट्रांनीं आपापले हेवेदावे सोडून या कामीं एक व्हावें, असाही त्या योजनेचा एक भाग होता. तेवढा मात्र त्यांच्या हयातींत साधला नाहीं, कारण संघासंघांतील चढाओढ त्या काळीं फार होती.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. कोंबोनी आपल्या शतकाचे होते. कृष्णवर्णी लोकांवर एका पूर्वजामुळें शाप आहे ही जी खुळी समजूत तेव्हां युरोपांत रूढ होती, तिच्या खुणा त्यांच्याही लेखनांत सांपडतात. आणि युरोपची सुधारणा तीच खरी सुधारणा असें ते गृहीत धरीत. आज ख्रिस्तसभा तसें मानीत नाहीं. परंतु ज्या काळांत मोठमोठे विद्वान आफ्रिकन मनुष्याच्या बुद्धीविषयींच शंका घेत, त्या काळांत त्याच्या हातीं शाळा, औषधालय आणि वेदी सोंपविण्याची भाषा या माळ्याच्या मुलानें केली, हें त्या समजुतीपेक्षां किती तरी वजनदार आहे.

पोप नववे पायस यांनीं योजनेला आशीर्वाद दिला. पैसा मात्र ज्याचा त्यानें उभा करावयाचा होता. फादर कोंबोनी पॅरिस, कोलोन, व्हिएन्ना असे दारोदार हिंडले. अनेक भाषा त्यांना येत, स्वभाव मनमोकळा, आणि मागण्याची लाज अशी नाहींच. संत योसेफाला ते आपला खजिनदार म्हणत आणि तिजोरी रिकामी झाली कीं त्याच्याकडे अगदीं हक्कानें तगादा लावीत. १८६७ च्या जूनमध्यें व्हेरोनाला त्यांनीं मिशनरी-संस्था काढली. तिचाच पुढें कोंबोनी मिशनरी संघ झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस कांहीं कामिलियन धर्मगुरु, तीन धर्मभगिनी आणि युरोपांत शिकलेल्या सोळा आफ्रिकन तरुणी यांना घेऊन ते कैरोला उतरले. जुन्या कैरोंत त्यांनीं मुलांसाठीं व मुलींसाठीं दोन संस्था उघडल्या. या सोळा तरुणी म्हणजे त्या योजनेची पहिली कसोटी होय. लहानपणीं ज्यांची विक्री झाली होती त्या आतां गुरुजी म्हणून आपल्या खंडांत परत येत होत्या. खटपटी लोकांनीं नाकें मुरडलीं. मुली मात्र शिकवूं लागल्या, रोग्यांच्या उशाशीं बसूं लागल्या, आणि त्यांची भाषा रोग्याला समजत होती.

१८७० च्या व्हॅटिकन धर्मपरिषदेला ते व्हेरोनाच्या बिशपांचे पंडित म्हणून उपस्थित राहिले. मध्य आफ्रिकेच्या लोकांविषयीं ख्रिस्तसभेनें आपलें कर्तव्य ओळखावें अशी विनंती त्यांनीं तेथें मांडली आणि तिच्यावर सत्तर बिशपांच्या सह्या मिळविल्या. पण युद्ध पेटलें, परिषद तहकूब झाली, आणि कागद दप्तरांत राहिला.

१८७२ हें वर्ष दोन गोष्टींनीं संस्मरणीय झालें. आरंभीं त्यांनीं व्हेरोनाजवळ धर्मभगिनींचा संघ स्थापिला, आणि त्याच वर्षीं मध्य आफ्रिकेचा ओस पडलेला धर्मप्रांत त्यांच्या हवालीं करण्यांत आला. भगिनींना सुदानच्या अंतर्भागांत नेणें हें वेडेपणाचें आहे असें पुष्कळांनीं सांगितलें. त्यांचें म्हणणें उलट होतें : जेथें परका पुरुष घराच्या उंबरठ्याआंत पाऊल टाकूं शकत नाहीं तेथें स्त्री जाऊं शकते, आणि आजारी मूल व बाळंतीण हीं उंबरठ्याच्या आंतच असतात. १८७३ च्या मे महिन्यांत ते खार्टूमला पोंचले व लागलीच उंटावरून कोर्दोफान प्रांतांतील एल ओबेईद शहरीं गेले.

एल ओबेईद हें गुलामांच्या व्यापाराचें मोठें नाकें होतें. कागदोपत्रीं बंदी झालेला हा व्यापार सरकारी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांआड, आणि कित्येकदां त्यांच्या भागीदारींत, राजरोस चाले. मानेला लांकडी फांसा अडकविलेल्या माणसांच्या रांगा मिशनच्या दारावरून जात. कोंबोनींनीं पळून आलेल्याला आसरा देण्याचा नियमच केला. त्याच वर्षीं एक डिंका मुलगा धन्याच्या घरून पळून त्यांच्या दारीं आला. त्याचें नांव फारीम देंग. कोंबोनींनीं त्याला शिकविलें, बाप्तिस्म्याच्या वेळीं आपलें दानिएल हें नांव दिलें, आणि पुढें रोमच्या महाविद्यालयांत धाडलें. तेथील थंडी त्याला मानवेना, तेव्हां बैरूतला त्याचें शिक्षण पुरें झालें. १८८७ सालीं दानिएल सोरूर फारीम देंग धर्मगुरु झाले. तो दिवस पाहावयास कोंबोनी मात्र नव्हते.

सुटका केलेल्यांना नुसतें पोसणें त्यांना पसंत नव्हतें. एल ओबेईदच्या जवळ मल्बेस येथें त्यांनीं जमीन घेऊन नवविवाहित ख्रिस्ती जोडप्यांची वस्ती वसविली. तेथें ज्यानें त्यानें आपलें शेत करावें, आपलें घर बांधावें, आणि मिशनकडे हात पसरूं नये असा दंडक होता. दक्षिणेस नुबा डोंगरांत देलेन येथें १८७५ सालीं ठाणें झालें. युरोपांतून आलेले कारागीर-स्वयंसेवक तेथें भिंत कशी रचावी, लांकूड कसें तासावें हें मुलांना शिकवीत. या कारागिरांचीं नांवें इतिहासांत फारशीं येत नाहींत; खार्टूमच्या दफनभूमींत मात्र तीं धर्मगुरूंच्या शेजारींच होतीं.

ता. १२ ऑगस्ट १८७७ रोजीं रोम येथें त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. नव्या संघांतील पहिल्या पांच भगिनी घेऊन ते निघाले, आणि दुष्काळ त्यांच्या आधींच सुदानांत जाऊन बसला होता. त्या वर्षीं नाईलचा पूर फार कमी आला होता. आपल्या दख्खनेंत १८७६ ते १८७८ या काळांत जो भयंकर दुष्काळ पडला, त्याच पर्जन्यहीन वर्षांचा हा दुसरा तडाखा. एल ओबेईदला धान्य तर नाहींच, पण पाण्यालाही दाम मोजावे लागत. दुष्काळाच्या मागून ताप आला, आणि १८७८ च्या उत्तरार्धांत तर एकेका आठवड्याला मिशनमधलें माणूस जाऊं लागलें. धर्मगुरु गेले, भगिनी गेल्या, कारागीर गेले. एक वेळ अशी आली कीं खार्टूमांत पायांवर उभा असा धर्मगुरु एकटा बिशपच उरला. पापनिवेदन ऐकणें, औषध पाजणें, अंत्याभ्यंग देणें, आणि मग मातींत ठेवणें, हें सर्व त्यांनाच करावें लागलें. वर कर्जाचा डोंगर होताच. अन्नासाठीं दाराशीं जमलेल्या भुकेल्यांना धर्म विचारून वाटी द्यावी अशी तेथें रीत नव्हती. बहुतेक मुसलमानच असत.

यापेक्षांही एक दुःख त्यांना झोंबलें. त्यांच्याच कांहीं सहकाऱ्यांनीं त्यांच्याविरुद्ध रोमला तक्रारी केल्या : पैशाचा हिशेब नीट नाहीं, माणसांची पारख नाहीं, कोणावरही विश्वास टाकतात. शेवटचा आरोप थोडाफार खरा असावा. उदार माणूस फसतो, आणि उष्ण देशांत, भुकेनें व तापानें गांजलेल्या माणसांची मनें लवकर चिडतात. आरोपांची चौकशी होऊन ते निर्दोष ठरले. तरी कुजबुज थांबली नाहीं, ती त्यांच्या अखेरच्या वर्षांपर्यंत पाठीस लागली. त्यांनीं आपली बाजू मांडली, ज्यांनीं निंदा केली त्यांना माफ केलें, आणि क्रूस हाच आपल्या कामाचा सोबती आहे असें मित्रांना लिहीत राहिले. त्यांच्या पत्रांतून कधीं कधीं राग डोकावतो. मला तो राग वाचून बरें वाटतें. संतालाही जिवाला लागतें हें त्यावरून कळतें.

१८८० च्या अखेरीस त्यांनीं नेपल्सहून शेवटचें जहाज धरलें. १८८१ च्या उन्हाळ्यांत ते नुबा डोंगरांत हिंडले, तेथील गुलामधरणीची चौकशी केली, नकाशा काढला, शब्द टिपले. पवित्र क्रूस येथली ती जुनी संवय. ऑगस्टमध्यें खार्टूमला परतले तें थकूनच. ऑक्टोबर लागतांच मिशनमध्यें पुनः तापाची लाट आली आणि थोड्याच दिवसांत सोबती पडूं लागले. त्यांना मूठमाती देऊन आलेला बिशप स्वतः अंथरुणास खिळला. ता. १० ऑक्टोबर १८८१ च्या रात्रीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. मरतांना जवळच्यांना त्यांनीं हें काम न सोडण्याविषयीं विनविलें.

त्यांच्या मृत्यूनंतर जें झालें तें पाहून कोणालाही वाटावें कीं सर्व संपलें. त्याच वर्षीं सुदानांत महदीचें बंड उठलें होतें. १८८२ सालीं देलेनचे मिशनरी व भगिनी कैद झाल्या, १८८३ च्या जानेवारींत एल ओबेईद पडलें, १८८५ च्या जानेवारींत खार्टूम पडलें. कोंबोनींची कबर उद्ध्वस्त झाली, मल्बेसचीं शेतें ओसाड पडलीं, कैदी भगिनींनीं वर्षानुवर्षें हाल काढले. फादर ओरवाल्डर हे १८९१ सालीं दोन भगिनींसह वाळवंटांतून निसटले तेव्हां बाहेरच्या जगाला ती कहाणी कळली. १८९८ नंतर मिशनरी परत आले. १९११ सालीं ते उत्तर युगांडांत गुलू येथें पोंचले. आणि १९६४ सालीं सुदान सरकारनें दक्षिणेंतील सर्व परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर घालविलें, तेव्हां जी गोष्ट शंभर वर्षांपूर्वीं संत पेत्राच्या थडग्यापाशीं लिहिली गेली होती तिची परीक्षा एका रात्रींत झाली. परदेशी गेले, देशी धर्मगुरु, भगिनी आणि खेड्याखेड्यांतील धर्मशिक्षक उरले. यादवी युद्ध, जाळपोळ आणि निर्वासितांच्या छावण्या यांतून त्यांनीं तेथील ख्रिस्तसभा जिवंत ठेवली. कोंबोनींना १९९६ सालीं धन्यवादित आणि ता. ५ ऑक्टोबर २००३ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांच्या हस्तें संतपद मिळालें.

गुलूजवळ लाकोर येथें कोंबोनी मंडळींनीं १९५९ सालीं एक लहानसें इस्पितळ उघडलें. १९६१ सालीं इटलीचे डॉ. पिएरो कोर्ती आणि कॅनडाच्या शल्यवैद्य डॉ. लुसील तिस्डेल हें जोडपें तेथें सेवेस आलें आणि आयुष्यभर राहिलें. युद्धांत जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करतांना डॉ. लुसील यांना एड्सची बाधा झाली. त्या १९९६ सालीं वारल्या. तोंपर्यंत इस्पितळाची धुरा त्यांच्या हाताखालीं तयार झालेले युगांडाचे डॉ. मॅथ्यू लुक्विया यांच्याकडे येऊं लागली होती. २००० सालीं गुलूंत इबोला या भयंकर रोगाची सांथ आली. वेगळ्या ठेवलेल्या रोग्यांच्या खोलींत काम करावयास स्वेच्छेनें पुढें आलेल्या परिचारिका एकीमागून एक मरूं लागल्या, आणि उरलेल्यांचा धीर सुटला. इस्पितळ बंद करावें असें बोलणें निघालें. डॉ. मॅथ्यू यांनीं सर्वांना एकत्र जमवून सांगितलें कीं, ज्याला जावयाचें असेल त्यानें खुशाल जावें, आपण मात्र राहणार. परिचारिका राहिल्या. ता. ५ डिसेंबर २००० रोजीं त्याच रोगानें डॉ. मॅथ्यू लुक्विया यांचा अंत झाला. इस्पितळाच्या आवारांत, डॉ. लुसील यांच्या शेजारीं, त्यांना पुरण्यांत आलें. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं परिचारिका नेहमींच्या वेळीं कामावर आल्या.